ॲफ्रा लिहायची असेल तर आधी काय लिहावं?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही चोवीस वर्षांच्या आहात, सांगलीच्या आहात, लेस्बियन आहात. स्टार वॉर्सच्या कॉमिक्समधली डॉक्टर ॲफ्रा तुमची लाडकी. तिच्यावर ६२ पानांची पटकथा लिहून तयार आहे आणि तुम्हाला ॲफ्राची कॉमिक्स लिहिणाऱ्या ॲलिसा वाँग यांच्यासारखं करिअर करायचंय. प्रश्न तीन आहेत. ती कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीला पटकथा कशी पाठवायची? आपण क्वीअर आहोत हे सांगायचं की झाकून ठेवायचं? आणि एकदा सांगितलं की जन्मभर तेवढीच पात्रं वाट्याला येतील का?

माझ्या मते खरा प्रश्न चौथा आहे, जो तुम्ही विचारलेला नाही: दुसऱ्याच्या मालकीच्या विश्वात स्वतःचं काही लिहिता येतं का, आणि लिहिलं तर ते छापून येईपर्यंत शिल्लक राहतं का? त्याचं उत्तर मिळालं की बाकीच्या तिघांचं बरंचसं काम होतं.

मी कोण, तेही सांगून टाकतो. गेली सतरा वर्षं कॉमिक्समध्ये आहे, पुण्यात बसून. सुरुवात लेटरिंगपासून, म्हणजे फुग्यांत शब्द बसवण्यापासून, पुढे पटकथा. त्यातली साडेतीन वर्षं एका परदेशी खेळणी कंपनीच्या अंतराळ-मालिकेची कॉमिक्स लिहिली. नाव सांगत नाही, करारात तोंड बंद ठेवायचं कलम आहे. मार्व्हलसाठी मी कधी काम केलेलं नाही. तिथलं जे सांगेन ते छापलेल्या अंकांवरून आणि जगजाहीर गोष्टींवरून, आणि जिथे अंदाज बांधेन तिथे तसं सांगेन. मी गे आहे. हे आज माझ्या कामाच्या लोकांना ठाऊक आहे, पहिली अनेक वर्षं नव्हतं.

आता ती ६२ पानं. पाठवू नका. मार्व्हल न मागितलेल्या पटकथा वाचत नाही, आणि यात कोणाचा उर्मटपणा नाही. उद्या त्यांच्या एखाद्या अंकात तुमच्या कथेशी मिळतंजुळतं काही आलं तर तुम्ही कोर्टात जाल, ही साधी भीती आहे. म्हणून आलेलं पाकीट न फोडणं हेच त्यांच्या वकिलांना बरं वाटतं. दुसरं, ॲफ्रा तुमची नाही, त्यामुळे ती पटकथा दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही. म्हणजे सहा महिन्यांची मेहनत अशा घरात झालीय की जिथे तुम्हाला प्रवेश नाही आणि जिथलं सामान बाहेर काढता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे याहून जाड वही आहे, आणि ती कोणाला दाखवण्यासारखीही नाही.

वाँग यांचा रस्ता बघा, कारण तुम्ही त्यांचं नाव घेतलंत आणि तो रस्ता सरळ ॲफ्राकडे गेलेला नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये 'नाइटमेअर' या भयकथांच्या मासिकाचा क्वीअर लेखकांचा विशेषांक निघाला. त्यात वाँग यांची एक लघुकथा होती. इतरांच्या मनातले वाईट विचार खाऊन जगणारी एक मुलगी, तिची भूक, आणि जिच्यावर जीव आहे त्या मैत्रिणीला या भुकेपासून लांब कसं ठेवायचं हा पेच. त्या एका कथेला नेब्युला हा विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार मिळाला आणि वर्ल्ड फँटसी पुरस्कारही. नेब्युला मिळवणारं ते पहिलं फिलिपिनो नाव. मग २०१७ मध्ये एका दीर्घकथेला लोकस पुरस्कार. मग ब्लिझार्ड कंपनीत 'ओव्हरवॉच' या गेमसाठी लेखन. आणि २०२० मध्ये मार्व्हलने डॉक्टर ॲफ्राची नवी मालिका काढली तेव्हा ती वाँग यांच्याकडे आली.

इथे जरा आडवाटेला जातो. वाँग स्वतःसाठी बाईचं किंवा पुरुषाचं सर्वनाम वापरत नाहीत, इंग्रजीत 'दे' वापरतात. मराठीत पंचाईत अशी की क्रियापदालाच लिंग चिकटलेलं असतं: लिहितो, लिहिते. पण 'वाँग यांनी लिहिलं' म्हटलं की सुटका होते. तिथे लिहिणारं कोण, बाई की पुरुष, हे क्रियापद विचारायलाच येत नाही. आठवीत कर्तरी, कर्मणी, भावे घोकून घेणाऱ्या बाईंना आम्ही मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या, त्या या निमित्ताने परत घेतो.

तर त्या कथेकडे पुन्हा. ॲफ्रा कशी आहे? पुरातत्त्वज्ञ, चोर, बोलघेवडी, आणि जी माणसं तिच्यावर जीव लावतात त्यांनाच ती गोत्यात आणते. प्रेम हवं असतं, पण आपल्या भुकेपुढे थांबता येत नाही. आता २०१५ ची ती भयकथा आठवा. त्यात अंतराळयान नाही, लेझरची तलवार नाही, एकही रोबो नाही. तरी ती वाचणाऱ्या संपादकाला हा माणूस ॲफ्रा लिहू शकेल हे कळलं असणार. हा माझा अंदाज आहे, मार्व्हलच्या कोणी मला येऊन सांगितलेलं नाही. पण मी स्वतः संपादकांसमोर नवीन लेखकांची नावं ठेवतो तेव्हा असंच बघतो: आमच्या पात्राच्या मनातली गाठ या माणसाने आधी कुठे स्वतःच्या पैशाने सोडवून पाहिलीय का? आमचंच पात्र घेऊन लिहिलेली फॅन-पटकथा मला हे सांगत नाही. तिच्यात निम्मं काम आमच्याच पात्राने केलेलं असतं.

आता मालकी. तुमच्या प्रश्नात दोनदा 'वाँग यांची ॲफ्रा' असं आलंय. ॲफ्रा वाँग यांची नाही. ती पहिल्यांदा आली २०१५ मध्ये, स्टार वॉर्सचा खलनायक 'डार्थ व्हेडर' याच्या मालिकेच्या तिसऱ्या अंकात. लेखक कीरन गिलन, चित्रकार साल्वाडोर लारोका. २०१६ च्या डिसेंबरात तिला स्वतःची मालिका मिळाली. सिनेमात कधीही न आलेल्या पात्राला हे मिळणं तेव्हा मोठंच होतं. गिलन यांच्यानंतर साय स्परियर यांनी ती पुढे नेली आणि २०१९ च्या शेवटी, चाळिसाव्या अंकाला, ती थांबली. मग वाँग यांचे चाळीस अंक, २०२० ते २०२४ ची सुरुवात. बऱ्याच अंकांची चित्रं मरिका क्रेस्टा यांची. वाँग यांची मालिका नुकती सुरू झाली होती त्याच उन्हाळ्यात सॅरा कून यांनी लिहिलेलं ॲफ्राचं ऑडिओ नाटक आलं. ॲफ्राची जुनी प्रेयसी सॅना स्टॅरोस हिची २०२३ मधली छोटी मालिका जस्टिना आयर्लंड यांनी लिहिली. २०२५ मध्ये ॲफ्रा परत आली ती चेरिश चेन यांच्या लेखणीतून. आणि या सगळ्यात मालक एकच, लुकासफिल्म, जी २०१२ पासून डिस्नेकडे आहे. ज्यांनी ॲफ्रा घडवली त्या गिलन यांचीही ती नाही.

फ्रँचायझीत, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या अशा विश्वात, लेखक भाडेकरू असतो. तोही पागडीवरचा नव्हे, अकरा महिन्यांच्या करारावरचा. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं, आणि जाताना खिळा काढून भोक बुजवून जायचं. स्टार वॉर्समध्ये तर शेजाऱ्यांचंही सांभाळावं लागतं. वाँग यांची मालिका 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या जुन्या सिनेमानंतरच्या काळात घडते. म्हणजे व्हेडर मरू शकत नाही, साम्राज्य पडू शकत नाही, पुढच्या सिनेमाला धक्का लागेल असं काही घडू शकत नाही. त्यात २०२१ मध्ये 'वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स', २०२३ मध्ये 'डार्क ड्रॉइड्स' अशा सगळ्या मालिकांना जोडणाऱ्या मोठ्या कथा येतात. तुमचं कथानक कितीही रंगात असो, वरात दाराशी आली की पगडी घालून निघावं लागतं. आणि नशिबाचा भाग वेगळाच. वाँग यांचा पहिला अंक एप्रिल २०२० मध्ये यायचा होता. महामारीत वितरणच बंद पडलं आणि तो मेच्या शेवटी आला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग यात आपलं काय राहिलं? इथेच मला जास्त बोलायचंय.

माझ्या त्या अंतराळ-मालिकेच्या पहिल्या वर्षात एका अंकात दोन वैमानिक होते, दोघं पुरुष. इंजिन फुटतं, जहाज वाचतं, आणि पान १४, चौकट ३ मध्ये दोघं एकमेकांचा हात धरून गप्प बसलेले असतात. मला वाटलं, किती संयमाने लिहिलंय मी. मालक कंपनीकडून तपासलेला कागद परत आला. त्या चौकटीसमोर एवढंच: 'दोघं नकाशाकडे बघत असतील तर?' कोणी 'नाही' म्हणालं नव्हतं. ते 'नाही' कधी म्हणतच नाहीत. मी नकाशा घातला. चित्रकाराने मन लावून सुंदर नकाशा काढला. तो अंक अजून माझ्या कपाटात आहे आणि तो नकाशा मला अजून टोचतो, कारण त्या जहाजाला नकाशा लागतच नाही. ते आम्हीच चौथ्या अंकात सांगितलं होतं.

त्याच पावसाळ्यात माझ्या जोडीदाराला डेंगी झाला. ॲडमिट करताना फॉर्मवर एक रकाना: 'रुग्णाशी नातं'. मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला, पेन हातात तसंच धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'घरचं कोणी नाही का?' बाई वाईट नव्हत्या, रकानाच तेवढा होता. शेवटी सही त्याच्या मावसभावाने केली. तो नाशिकहून येईपर्यंत चार तास मी कॅन्टीनमध्ये चहावर चहा पीत बसलो होतो. त्या चार तासांत मला कळलं की माझ्या दोन वैमानिकांचा हात कंपनीला इतक्या सहज का काढता आला. त्या हातावर काहीच टेकलेलं नव्हतं. तो हात काढल्यावर गोष्ट जशीच्या तशी पुढे चालली.

पुढच्या वर्षी तो रकाना मी अंतराळात नेला. त्या विश्वात जखमी वैमानिकाला गोठवून ठेवायचं असेल तर जवळच्या नातलगाची नोंद लागते असा नियम मी आधीच्या अंकात, अगदी जाता जाता, पेरून ठेवला. मग धाकटा वैमानिक जखमी होतो. मोठा वैमानिक जहाजाच्या वहीत मागची तारीख घालून स्वतःचं नाव जोडीदार म्हणून लिहितो आणि शिक्का मारतो. पोरगं जगतं. पण खोटी तारीख उघडी पडते, आणि पुढचे दोन अंक त्या खोट्या नोंदीच्या चौकशीवर चालतात. तपासलेला कागद परत आला तेव्हा मी तो उघडायला अर्धा तास घाबरत होतो. त्यात लिहिलं होतं: 'पान ९: शिक्क्याचा रंग निळा हवा.' बस. ती नोंद काढली असती तर दोन अंक कोसळले असते, आणि छपाईची तारीख कोणासाठी थांबत नाही.

वाँग यांच्या मालिकेत हेच फार मोठ्या मापात दिसतं. सुरुवात घोषणेने होत नाही. पहिल्या कथानकात वाल नावाच्या शापित अंगठ्या शोधायच्या असतात आणि मागे लागलेला असतो रोनेन टॅगे, एक श्रीमंत वारस, जो दुर्मीळ वस्तू मिळवतो ती नष्ट करण्यासाठी. शुद्ध चोरीची, पाठलागाची गोष्ट. पुढे, मालिकेच्या मध्याला, 'स्पार्क इटर्नल' नावाची प्राचीन शक्ती ॲफ्राच्या शरीराचा ताबा घेते. तिला सोडवायला सॅना निघते. सोबतीला कोण? मॅग्ना टोल्व्हान, साम्राज्याची एकेकाळची अधिकारी आणि ॲफ्राची दुसरी जुनी प्रेयसी, आणि ॲफ्राने कधी ना कधी फसवलेली आणखी काही माणसं. आता यातले प्रेमसंबंध खोडरबराने पुसून बघा. ॲफ्राला सोडवायला कोणी जाण्याचं कारणच उरत नाही. तिच्यासारख्या बाईसाठी जीव धोक्यात घालायला एक तर तिच्यावर कधीकाळी प्रेम केलेलं असावं लागतं, नाहीतर डोकं फिरलेलं असावं लागतं, आणि सॅनाच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं आहे.

म्हणून चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, दुसऱ्याच्या घरातही आपलं लिहिता येतं, पण ते पडदा म्हणून टांगलं तर काढतात, तुळई म्हणून घातलं तर राहतं. तुमच्या ६२ पानांकडे या नजरेने बघा. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या पानावर ॲफ्रा आणि नवी मुलगी चुंबन घेतात आणि 'इतकं उघड कोणी दाखवलेलं नाही'. दाखवलंय, पहिल्या मालिकेतच ॲफ्रा आणि टोल्व्हान तिथवर पोचल्या होत्या. शिवाय शेवटच्या पानावरचं चुंबन म्हणजे माझा नकाशा आहे. संपादकाला ते बदलायला एक ओळ पुरते.

आता सांगावं की झाकावं. हे पूर्ण परिस्थितीवर आहे आणि तुमच्या वतीने मी ते ठरवणार नाही. घरी माहीत आहे का, भाडं कोण भरतं, नातलग तुमचं नाव मोबाइलवर शोधतात का, हे तुम्हालाच ठाऊक. व्यवहाराचं तेवढं सांगतो. करारावर कायदेशीर नाव लागतं, पण अंकावर छापलं जाणारं नाव वेगळं ठेवता येतं. ते करारात लिहून घ्या. तोंडी कबूल करणारा संपादक सहा महिन्यांत नोकरी सोडतो, हा माझा अनुभव आहे. कोणत्याही संपादकाला तुमची ओळख सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मी स्वतः ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला, मी स्टुडिओत पेढे नेले, सगळ्यांनी खाल्ले, कशाचे ते कोणी विचारेना, म्हणून मीच सांगितलं. एकाने म्हटलं, 'मग अजून एक दे.' माझ्यासाठी तेवढंच झालं. सगळ्यांसाठी तसंच होईल असं मी म्हणत नाही. आणि समलिंगी लग्नाचा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेवर सोडला, त्यामुळे तो फॉर्मवरचा रकाना आहे तिथेच आहे.

अमेरिकेतल्या या धंद्याचाही इतिहास डोक्यात असू द्या. १९५४ च्या कॉमिक्स आचारसंहितेत समलिंगी संबंधांचा नुसता सूचक उल्लेखसुद्धा बसत नव्हता. ती अट १९८९ मध्ये सैल झाली आणि मार्व्हलचा नॉर्थस्टार हा सुपरहिरो १९९२ मध्ये 'मी गे आहे' म्हणाला. म्हणजे तुम्ही ज्याला करिअर म्हणताय ती वाट जेमतेम एका पिढीची आहे, आणि ती अजून सगळीकडे सपाट झालेली नाही. सिना ग्रेस यांनी २०१७ पासून 'आइसमन' लिहिली. एक्स-मेनमधलं हे जुनं पात्र त्याआधी दोन वर्षं, २०१५ मध्ये, गे असल्याचं दाखवलं गेलं होतं. मालिका संपल्यावर २०१९ मध्ये ग्रेस यांनी जाहीरपणे लिहिलं की ट्रोलिंगच्या काळात प्रकाशकाकडून अपेक्षित पाठबळ मिळालं नाही. वाँग यांची चाळीस अंकांची मालिका आणि ग्रेस यांचा अनुभव, दोन्ही एकाच कंपनीतले. तुमच्या वाट्याला कोणता येईल ते संपादक कोण, विक्री किती आणि वर्ष कोणतं यावर ठरतं. तुमच्या हातात एवढंच की आपल्या बाजूची दोन-चार माणसं या धंद्यात आधीपासून जोडून ठेवायची, काम सुरू झाल्यावर नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, 'जन्मभर तेवढीच पात्रं' या शिक्क्याचा, म्हणाल तर तो शिक्का बसतोच. मलाही बसला. त्या खोट्या नोंदीच्या अंकानंतर वर्षभर मला 'थोडं भावनिक' असं सांगून येणारी कामं कोणत्या अर्थाने येत होती ते मला कळत होतं. पण वाँग यांच्या पुढच्या कामांची यादी बघा: २०२२ मध्ये आयर्न फिस्ट, मग डेडपूल, २०२३ मध्ये कॅप्टन मार्व्हल, २०२४ मध्ये सायलॉक. यातलं कुठलंच 'क्वीअर मालिका' म्हणून काढलेलं नाही. तरी डेडपूलमध्ये त्याच्या गळ्यात पडणारं पात्र, व्हॅलेंटाइन व्हुआंग, ना बाई ना पुरुष असं आहे. आणि मार्व्हलची स्पर्धक कंपनी डीसी हिच्याकडे २०२३ मध्ये आलेल्या 'स्पिरिट वर्ल्ड' मधली झँथी झोऊ, जिला मी आत्ता सवयीने 'जिला' म्हणालो आणि चुकलो, कारण तेही पात्र दोन्हींत बसत नाही, ते चिनी लोक पितरांसाठी जाळतात त्या कागदाच्या वस्तू घडी घालून, जाळून, खऱ्या करतं. सुपरहिरोची शक्ती म्हणून श्राद्धाचा कागद! हे मला त्या सगळ्या यादीतलं सर्वात आवडतं काम आहे, कारण ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

एक मात्र पाहून ठेवा. डेडपूल दहा अंक, कॅप्टन मार्व्हल दहा अंक, सायलॉक दहा अंक. हे अपयश नव्हे, तिथल्या बाजारात आज मुक्काम साधारण एवढाच असतो. चाळीस अंक हा अपवाद. एका अंकाची साधारण वीस पानं धरली तर आठशे पानं, पानाला पाच चौकटी धरल्या तर चार हजार चौकटी, साडेतीन-चार वर्षं दर महिन्याला. पैसे पानाच्या हिशेबाने मिळतात. म्हणजे मालिका बंद झाली की पगार बंद. ज्यांना हे झेपतं ते बहुतेक जण बरोबर गेम, कादंबऱ्या, शिकवणी असं काहीतरी चालू ठेवतात. तुमची सध्याची नोकरी सोडायचा विचार तुम्ही कंसात लिहिलाय. तो कंसातच राहू द्या.

आपल्याकडच्या करारांबद्दल दोन गोष्टी, कारण पहिलं काम तुम्हाला बहुधा इथेच मिळेल. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून प्रकाशक 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द घालतोच. ते दिसले की पैसे वाढवून मागा किंवा मुदत कमी करून घ्या. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणून तुमचं नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली तुमच्याकडे राहतो. माझ्या पहिल्या तीन कामांवर माझं नाव नाही. हे कलम मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

भाषेबद्दल तुम्ही लाजत विचारलंय की आधी मराठीत लिहिलं तर चालेल का. विचार मराठीत येत असतील तर मराठीतच लिहा. पटकथा वाचकापर्यंत जात नाही, फुगे जातात, आणि फुग्यात मी पंचवीस शब्दांच्या वर जात नाही. तेवढे नंतर इंग्रजीत आणता येतात. उलट इंग्रजीतच सुरुवात केली की नवशिक्याची सगळी पात्रं एकाच सिनेमातून आल्यासारखी बोलायला लागतात. आमच्या घरातल्या मोठ्यांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतूनच वाचला आणि जंगलात राहणारा तो मुखवटेवाला मराठी बोलतो याचं कोणाला कधी आश्चर्य वाटलं नाही.

तर पुढचे तीन महिने काय करायचं? आठ पानं. साठ नाही, बारा नाही, आठ. एक पूर्ण गोष्ट, तुमच्या स्वतःच्या पात्रांची. चित्रकार शोधा आणि त्याला पैसे द्या, थोडे का होईना. फुकट काढून घेतलेली पानं अर्धवट राहतात. छापा किंवा ऑनलाइन टाका आणि लगेच पुढची आठ सुरू करा.

आणि विषय शोधत बसू नका, तो तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही सहज एक प्रसंग सांगितलाय: पान ३१, ॲफ्रा जुन्या मैत्रिणीचं जहाज चोरायला जाते आणि दारावरचा आकडा अजून तोच आहे, तिच्या वाढदिवसाचा. मैत्रिणीने तो बदललेला नाही. बाकीची ६१ पानं मी तुमच्या वर्णनावरून विसरलो, हे विसरलो नाही. याला स्टार वॉर्स लागत नाही. जहाजाऐवजी बोट ठेवा. पन्नास वर्षांनंतरची सांगली, कृष्णा दर पावसाळ्यात आत येते, लोक आयर्विन पुलावरची पातळी फुटांत ऐकून घर सोडायचं की नाही ते ठरवतात, आणि बोट ज्याच्याकडे तो राजा. चोर बाई रात्री बोट पळवायला येते. साखळीला आकड्यांचं कुलूप. ती सवयीने जुना आकडा लावून बघते, आणि ते उघडतं. आता ती बोट नेते की नाही, हे मला ठाऊक नाही. पण ते पान चारवर यायला हवं, म्हणजे उरलेली चार पानं तुम्हाला मिळतील.